नाव, नक्कल आणि अस्सल : प्रस्तावना

वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या आधीचे चार महिने मी घरातले जुने फोटो स्कॅन करण्यात घालवले. पत्र्याच्या ट्रंकेतले, काळ्या पानांच्या अल्बममधले, काही आत्याकडून "परत आणून दे हं" या बोलीवर आणलेले. सगळे मिळून अठराशेच्या वर. एका सकाळी लॅपटॉप उघडला तर फोल्डरमधल्या एकाही फोटोत कोणाचा चेहरा दिसेना. काल जिथे आजी नऊवारीत उभी होती तिथे डोंगर आणि सूर्य काढलेलं ठोकळेबाज चिन्ह, आणि तेच चिन्ह अठराशे वेळा. मला दरदरून घाम फुटला. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात फोन लावला. पलीकडून एकच प्रश्न आला, "सर, एखाद्यावर डबल क्लिक करा. फोटो उघडतोय?" उघडला. "मग गेलं काहीच नाही. जेवून घ्या, दुपारी येतो."

दुपारी ते आले. फोल्डर ऑप्शन्स, मग व्ह्यू, मग 'ऑल्वेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स' या ओळीपुढची टिक काढली. आजी परत आली. आदल्या रात्री भाच्याने गेम अडकू नये म्हणून लॅपटॉपला 'ॲडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स' केलं होतं. त्या एका बटणाने खिडक्यांच्या सावल्या गेल्या, अक्षरांचा गुळगुळीतपणा गेला, आणि त्यांच्याबरोबर फोटोंचे चेहरेही गेले.

या पुस्तकाचे लेखक ते हेच. दुकानात आलेली प्रत्येक तक्रार त्यांनी लांब वहीत लिहून ठेवली आहे. डावीकडे गिऱ्हाईक जे म्हणालं ते, त्याच्याच शब्दांत. उजवीकडे प्रत्यक्षात काय निघालं ते. मी एका मासिकात चित्रं आणि मांडणी बघतो, त्यामुळे डाव्या रकान्यातली बरीच वाक्यं माझ्याही तोंडची आहेत. 'फोटो उडाले.' 'नुसते चौकोन येतात.' 'काल उघडत होतं, आज विचारतंय कशात उघडू.' 'मोबाईलवर दिसतात, कॉम्प्युटरवर नाही.' 'सगळे आयकॉन एकसारखे झाले.' वह्यांचं पुस्तक करा असं मीच त्यांच्या मागे लागलो, म्हणून प्रस्तावनाही माझ्याच गळ्यात पडली.

त्या दुपारी चहा पिताना त्यांनी जे सांगितलं, त्यावर हे सगळं पुस्तक उभं आहे. कॉम्प्युटरमधल्या फोटोबद्दल तीन ठिकाणी तीन नोंदी असतात. एक, फाईलच्या नावाची शेपटी: .जेपीजी, .पीएनजी. दुसरी, त्या शेपटीची फाईल कोणत्या प्रोग्रामने उघडायची याची. तिसरी, फोल्डरमध्ये दाखवायला करून ठेवलेली छोटी नक्कल, म्हणजे थंबनेल. आणि या तिन्हींहून वेगळा, डिस्कवर आपल्या जागी पडलेला खुद्द फोटो. ज्याची गावाकडे शेती आहे त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. सातबाऱ्यावर नाव चुकलं म्हणून जमीन हलत नाही; फेरफार राहिला असेल तर तलाठ्याकडे जायचं, बांध उकरत बसायचं नाही. वहीत मात्र बांध उकरल्याच्याच गोष्टी जास्त. कोणी विंडोज पुन्हा मारून घेतलं, कोणी हार्डडिस्क फॉरमॅट केली, कोणी 'खराब झालेले' फोटो डिलीट करून कार्ड नव्याने वापरायला काढलं. तोवर फोटो धडधाकट होते.

या विषयावर इंग्रजीत लिखाण भरपूर आहे, पण ते दोन वेगळ्या कप्प्यांत पडलेलं. फाईल कशाने उघडते हे एका जागी, फोल्डरमध्ये कशी दिसते हे दुसऱ्या जागी. दुकानात येणारा माणूस दोन्हीला 'फोटो दिसत नाहीत' एवढंच म्हणतो. त्याचं चूक नाही. पण नवख्या वाचकाने पुस्तकात शिरण्याआधी हे कप्पे कसे पडले ते जाणून घ्यावं, म्हणून थोडा इतिहास सांगतो.

शेपटीची पद्धत फोटोंपेक्षा जुनी आहे. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये सीपी/एम लिहिली तेव्हा आठ अक्षरांचं नाव आणि तीन अक्षरांचा प्रकार अशी रचना ठेवली. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या यंत्रांवर तशाच धर्तीची नावं आधीपासून चालत होती. १९८१ मध्ये एमएस-डॉसने ती जशीच्या तशी घेतली. डिस्कवरच्या यादीत प्रत्येक फाईलला ३२ बाईट जागा, त्यात नावाला ८ आणि शेपटीला ३. मधलं टिंब डिस्कवर लिहिलंच जात नसे, ते आपल्याला वाचायला बरं म्हणून दाखवायचे. या तीन अक्षरांच्या खुराड्यात बसवण्यासाठी पुढे जेपीईजीचा 'ई' कापला गेला आणि टीआयएफएफचा एक 'एफ'. .जेपीजी आणि .जेपीईजी यांत फरक काय, असं आजही लोक दबक्या आवाजात विचारतात. फरक काहीच नाही.

डॉसला स्वतःला शेपटीचं फारसं पडलेलं नव्हतं. चालवायच्या फाईली सोडल्या तर बाकी माणसाने बघून घ्यायचं. शेपटी आणि प्रोग्राम यांचं लग्न लावलं विंडोजने. आधी विन.आयएनआय नावाच्या साध्या मजकुराच्या फाईलमध्ये एक यादी असे. विंडोज ९५ पासून सगळा कारभार रजिस्ट्रीकडे आला. रजिस्ट्रीची ही व्यवस्था दोन पायऱ्यांची आहे, आणि ती नीट कळली की अर्धं पुस्तक कळलं. .जेपीजी ही शेपटी थेट प्रोग्रामकडे बोट दाखवत नाही. ती आधी एका मधल्या नावाकडे जाते, समजा 'जेपीईजीफाईल'. कोणता प्रोग्राम, कोणतं चिन्ह, राईट क्लिक केल्यावर कोणत्या ओळी, हे सगळं त्या मधल्या नावाखाली लिहिलेलं असतं. एखादा फोटो प्रोग्राम आपण काढून टाकतो, तो जाताना मधलं नाव पुसून जातो, आणि शेपटी मात्र त्याच नावाकडे बोट दाखवत राहते. मग डबल क्लिक केलं की कॉम्प्युटर विचारतो, कशात उघडू? वहीतल्या 'काल उघडत होतं' या तक्रारींपैकी बऱ्याचशा याच सांध्यात अडकलेल्या आहेत.

विंडोज ९५ ने आणखी एक उद्योग केला. ओळखीच्या शेपट्या लपवायला सुरुवात केली. लोकांना कशाला त्रास, असा विचार असावा. मे २००० मध्ये प्रेमपत्राच्या नावाने जगभर फिरलेल्या व्हायरसने याचाच फायदा घेतला. त्याच्या फाईलच्या नावात .टीएक्सटी दिसत होतं आणि त्यापुढची खरी शेपटी .व्हीबीएस लपलेली होती. आपल्याकडे याचा देशी अवतार पेनड्राईव्हमधून आला. सायबर कॅफेत प्रिंट काढायला पेनड्राईव्ह लावावा आणि घरी येऊन बघावं तर प्रत्येक फोल्डरच्या जागी त्याच नावाचा शॉर्टकट. खरे फोल्डर तिथेच, फक्त 'हिडन' आणि 'सिस्टिम' असा शिक्का मारून अदृश्य केलेले. कधी फोल्डरचं पिवळं चिन्ह अंगावर घेतलेली .ईएक्सई फाईल. लेखक गिऱ्हाईकाच्या कॉम्प्युटरला हात लावला की पहिल्यांदा शेपट्या उघड्या करतात, विचारतही नाहीत. मला ते पटतं.

मॅकने १९८४ मध्ये निराळी वाट धरली. तिथे नावाला शेपटीची गरजच नव्हती. प्रत्येक फाईलबरोबर चार-चार अक्षरांचे दोन संकेत असत: हा काय प्रकार आहे आणि हे कोणी बनवलं. त्यामुळे शेजारी शेजारी पडलेल्या दोन जेपीईजी फाईली दोन वेगळ्या प्रोग्रामांत उघडत. फोटोशॉपमध्ये केलेली फोटोशॉपमध्ये, कारण तिच्यावर '८बीआयएम' हा फोटोशॉपचा शिक्का असे. व्यवस्था देखणी होती. फक्त घराबाहेर टिकत नव्हती. फाईल डॉसच्या फ्लॉपीवर गेली की ते संकेत गळून पडत आणि पलीकडे पोचायचा तो पांढऱ्या कोऱ्या कागदाचा आयकॉन. चिन्हं बिघडली की मॅकवाले कमांड आणि ऑप्शन ही बटणं दाबून धरून मशीन सुरू करत; त्याला 'डेस्कटॉप रीबिल्ड' म्हणायचे. १९९० च्या दशकात छपाईच्या धंद्यात मॅकवर काम केलेल्या कोणालाही विचारा, बोटं आपोआप त्या बटणांकडे वळतील. २००९ च्या स्नो लेपर्डपर्यंत ॲपलने 'कोणी बनवलं' हा संकेत विचारात घेणंच सोडलं आणि तेही बहुतांशी शेपटीच्या पंगतीत येऊन बसले.

तिसरं घराणं युनिक्सचं. नावावर विश्वास ठेवायचा नाही, आत डोकावून बघायचं. 'फाईल' नावाची आज्ञा १९७३ च्या युनिक्समध्येही होती. आज लिनक्सवर जी चालते ती इयान डार्विन यांनी १९८० च्या दशकात नव्याने लिहिली. ती फाईलचे पहिले काही बाईट वाचून जात सांगते. जेपीईजीचे पहिले दोन बाईट २५५ आणि २१६. बिटमॅपच्या सुरुवातीला 'बी' आणि 'एम' ही अक्षरं. टीआयएफएफच्या सुरुवातीला 'आय आय' किंवा 'एम एम', म्हणजे आकडे इंटेलच्या क्रमाने की मोटोरोलाच्या, आणि मग ४२ हा आकडा. सगळ्यांत हुशार सुरुवात पीएनजीची. आठ बाईट: पहिला १३७, मग 'पी', 'एन', 'जी' ही अक्षरं, मग १३, १०, २६, १०. हे आकडे उगाच निवडलेले नाहीत. त्या काळात फाईल एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाताना कधी प्रत्येक बाईटचा वरचा बिट छाटला जाई, कधी ओळीच्या शेवटच्या खुणा परस्पर बदलल्या जात. १३७ मधला वरचा बिट गेला किंवा १३-१० चं नुसतं १० झालं, की वाचणाऱ्या प्रोग्रामला पहिल्या आठ बाईटांतच कळतं की वाटेत कोणीतरी हात मारलाय.

चौथी पद्धत टपालातून आली. नेथॅनिएल बोरेनस्टाईन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये ई-मेलला चित्रं, आवाज जोडता यावेत म्हणून माईम हे मानक मांडलं. फाईलबरोबर एक चिठ्ठी: 'इमेज/जेपीईजी'. बोरेनस्टाईन यांनी त्या वर्षी मार्चमध्ये पाठवलेल्या पहिल्या नमुन्यात त्यांच्या चौघांच्या गायनचमूचा फोटो होता. ब्राउझरही याच चिठ्ठीवर चालतो. आणि चिठ्ठी व शेपटी यांचं जमलं नाही की काय होतं, याचं वहीतलं उदाहरण मी थोडं सविस्तर सांगतो, कारण ते परीक्षेच्या मोसमात दर वर्षी येतं.

एक मुलगी भरतीचा ऑनलाइन अर्ज भरत होती. फोटो .जेपीजी हवा, ५० केबीच्या आत. तिने मैत्रिणीकडून स्वतःचा फोटो मागवला, ब्राउझरमधून सेव्ह केला, अपलोड करायला गेली तर 'चुकीचा प्रकार'. तीन वेळा केलं, तीन वेळा तेच. शेवटच्या दिवसाची रात्र. दुकानात येऊन रडायला लागली. लेखकांनी शेपट्या उघड्या केल्या, तर फाईलच्या नावापुढे .जेएफआयएफ. विंडोज १० वर ब्राउझर फोटो उतरवून घेताना माईमच्या चिठ्ठीवरून शेपटी ठरवतो, आणि ती शेपटी रजिस्ट्रीतल्या एका ओळीतून येते. त्या ओळीत 'इमेज/जेपीईजी' समोर .जेएफआयएफ लिहिलेलं होतं. एफ२ दाबून नाव .जेपीजी केलं, अर्ज गेला. मग रजिस्ट्रीतली ती ओळही .जेपीजी केली, म्हणजे पुन्हा यायला नको. उजव्या रकान्यात शेवटी लेखकांनी लिहिलंय: 'कॉम्प्युटर खोटं बोलत नव्हता.' खरंच नव्हता. जेपीईजी समितीने चित्र दाबून लहान कसं करायचं एवढंच ठरवलं होतं. ते फाईलमध्ये गुंडाळायचं कसं, हे जेएफआयएफ नावाच्या वेगळ्या टिपणाने सांगितलं. म्हणजे आपण ज्यांना .जेपीजी म्हणतो त्यांतल्या बऱ्याच फाईलींचं जन्मनाव जेएफआयएफच आहे.

चार घराण्यांपैकी बरोबर कोण, यावर लेखकांचा आणि माझा वाद अजून मिटलेला नाही. मी युनिक्सच्या बाजूचा. आत बघा, नावाचं काय घेऊन बसलात. ते म्हणतात, गिऱ्हाईकाला पहिले बाईट दिसत नाहीत, शेपटी दिसते, आणि एफ२ दाबून बदलता येते. व्यवहारात तर सगळ्यांची खिचडीच झाली आहे. बरेच व्ह्यूअर शेपटी बघून हाक मारतात आणि आत शिरल्यावर बाईट बघून वागतात, त्यामुळे .जेपीजी नाव लावलेली वेबपी फाईल व्ह्यूअरमध्ये सुरळीत उघडते. तीच फ्लेक्स करणाऱ्या मुलाने फोटोशॉपमध्ये टाकली की नकार. 'माझ्याकडे तर उघडतेय' आणि 'माझ्याकडे नाही' असा फोनवर अर्धा तास जातो. दोघंही खरं बोलत असतात.

आता लग्न लावण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न. एक्सपीच्या दिवसांत कोणताही फोटो प्रोग्राम टाकला की तो न विचारता सगळ्या शेपट्या स्वतःच्या नावावर करून घ्यायचा. दुसरा टाकला की तो हिसकावून घ्यायचा. म्हणून व्हिस्टापासून विंडोजने प्रत्येक वापरणाऱ्याची निवड 'यूझरचॉईस' नावाखाली वेगळी ठेवायला सुरुवात केली, आणि विंडोज ८ पासून तिच्यावर एक सांकेतिक मोहर लावली. मोहर जुळली नाही की निवड रद्द, आणि कोपऱ्यात सूचना येते की ॲप डिफॉल्ट रीसेट केला. हेतू चांगला होता. पण मोठ्या अपडेटनंतर 'माझा फोटो व्ह्यूअर कुठे गेला' असं विचारत येणाऱ्या वयस्कर माणसांना त्या हेतूचा काय उपयोग? विंडोज १० नव्याने टाकलं तर जुना विंडोज फोटो व्ह्यूअर मशीनमध्ये असतोच, पण त्याच्या नावावर फक्त टीआयएफएफ ठेवलेली असते. .जेपीजीच्या यादीत त्याचं नावच येत नाही. घरात असून शिधापत्रिकेत नाव नाही, अशातली गत.

याच भागातली सगळ्यांत करमणुकीची नोंद विंडोज ७ वरची आहे. एका क्लासच्या ऑफिसात कोणीतरी एका न उघडणाऱ्या शॉर्टकटवर 'ओपन विथ' करून फोटोचा प्रोग्राम निवडला आणि 'नेहमी यानेच उघडा' ही टिक तशीच राहू दिली. शॉर्टकटलाही शेपटी असते, .एलएनके, आणि ती विंडोज कधीच दाखवत नाही. क्षणात डेस्कटॉपवरचा प्रत्येक शॉर्टकट फोटोच्या प्रोग्रामचं चिन्ह लावून बसला. टॅलीवर क्लिक करा, फोटोचा प्रोग्राम उघडतोय. वर्डवर करा, तोच. आधी बघून गेलेल्या माणसाने विंडोज मारायला लागेल असं सांगितलं होतं. लेखकांनी रजिस्ट्रीत .एलएनके खालची एक यूझरचॉईस नोंद पुसली आणि लॉग-ऑफ केलं.

थंबनेलचा इतिहास याहून वेगळ्या खोलीत घडला: डार्करूममध्ये. ३५ एमएमच्या रोलमध्ये ३६ फोटो. स्टुडिओवाला निगेटिव्हच्या पट्ट्या थेट कागदावर ठेवून, वर काच दाबून, एकाच कागदावर सगळ्यांची छाप काढायचा. प्रत्येक चौकट २४ बाय ३६ मिलिमीटर. मग भिंगाने बघून कोणता मोठा करायचा त्यावर लाल पेन्सिलीने खूण. त्याला कॉन्टॅक्ट शीट म्हणत. कॉम्प्युटरमधलं थंबनेल त्याच कामाला आहे, पण एक अडचण सोबत घेऊन. कॉन्टॅक्ट शीट एकदा छापली की छापली. थंबनेल मात्र कोणीतरी मोठा फोटो उघडून, लहान करून, कुठेतरी जपून ठेवावं लागतं. हे 'कुठेतरी' प्रत्येकाने वेगळं ठरवलं.

एक्सपीने ते त्याच फोल्डरमध्ये ठेवलं, थम्ब्स.डीबी नावाच्या लपलेल्या फाईलमध्ये. आमच्या मासिकाच्या सामायिक ड्राईव्हवर ही फाईल प्रत्येक अंकाच्या फोल्डरमध्ये असायची, आणि फोल्डर पुसायला गेलं की 'दुसरीकडे उघडी आहे' म्हणून अडून बसायची. व्हिस्टापासून सगळ्या नकला वापरणाऱ्याच्या खात्यात एकत्र आल्या: थंबकॅशे_३२, _९६, _२५६ अशा आकारवार फाईली. लिनक्सने प्रत्येक थंबनेल वेगळी पीएनजी फाईल केली आणि तिचं नाव मूळ फोटोच्या पूर्ण पत्त्यावरून काढलेलं. फोटो एका फोल्डरातून दुसऱ्यात हलवला की पत्ता बदलला, म्हणून नक्कलही नव्याने. मला लिनक्सची एक सोय विशेष आवडते: 'फेल' नावाचा फोल्डर. ज्या फाईलचं थंबनेल करता आलं नाही तिची तिथे नोंद होते, आणि फाईल बदलेपर्यंत पुन्हा प्रयत्न होत नाही. मॅकने २००७ पासून हे काम क्विक लुककडे दिलं. अँड्रॉइडवर फोल्डरात .नोमीडिया नावाची रिकामी फाईल असली की गॅलरी त्या फोल्डरकडे बघतच नाही. फोटो तिथेच, गॅलरीत शून्य.

कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोच्या पोटात आणखी एक नक्कल असते. एक्झिफ या मानकानुसार कॅमेरा प्रत्येक जेपीईजीमध्ये छोटं थंबनेल घालून ठेवतो, बहुतेकदा १६० बाय १२० पिक्सेलचं. ते फाईलच्या सुरुवातीलाच असतं. यातून एक क्रूर चकवा तयार होतो. मेमरी कार्ड बिघडून फाईलचा मागचा भाग गेला, तरी सुरुवात शाबूत राहते. लग्नाचा फोटोग्राफर फोल्डर उघडतो, सगळी थंबनेल हसताना दिसतात, तो निर्धास्त होतो. अल्बम करायला फोटो उघडतो तर मंगलाष्टकांच्या खाली राखाडी पट्टा. म्हणजे दिसणं आणि असणं यांचा घोळ दोन्ही बाजूंनी होतो. लेखकांचा पहिला प्रश्न 'डबल क्लिक करा, उघडतोय?' हाच का, ते इथे कळतं.

थंबनेल करायला कॉम्प्युटरला फोटोच्या आत शिरावं लागतं, आणि आत कोणी दबा धरून बसलेला असू शकतो. २००५ च्या डिसेंबरात उघडकीला आलेल्या डब्ल्यूएमएफ चित्रांच्या दोषात फाईल उघडायचीही गरज नव्हती. नक्कल बनवतानाच घात होऊ शकत होता. म्हणून आता विंडोज हे काम मुख्य कार्यक्रमाबाहेर, वेगळ्या मजुराकडून करून घेतं. 'कॉम सरोगेट हॅज स्टॉप्ड वर्किंग' अशी पाटी आली तर तो मजूर एखाद्या बिघडलेल्या फाईलपाशी कोसळलेला असतो. फोल्डर मात्र उभा राहतो. पूर्वी त्याच्याबरोबर सगळा एक्सप्लोरर आडवा व्हायचा.

हे सगळं आजच का? फोटो आता एका जागी राहत नाहीत, म्हणून. २०१७ मध्ये आयओएस ११ बरोबर आयफोन फोटो एचईआयसी प्रकारात ठेवू लागला. जागा कमी लागते, पण विंडोजला ही भाषा आपणहून येत नव्हती. स्टोअरमधून एचईआयएफचं आणि त्याच्या जोडीला एचईव्हीसीचं, अशी दोन एक्स्टेन्शन घ्यावी लागतात, त्यांतल्या दुसऱ्याला थोडे पैसे पडतात. अमेरिकेतल्या मुलाने पाठवलेले नातवाचे फोटो सांगलीच्या कॉम्प्युटरवर पांढऱ्या कागदासारखे दिसतात ते यामुळे. मुलाने फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'मोस्ट कंपॅटिबल' केलं तरी पुढचे फोटो सुधारतात. शिवाय क्लाउड आहे: फोल्डरमध्ये चेहरा दिसतो, फोटो मात्र अजून सर्व्हरवर, आणि नेट गेलेलं. आणि घरोघरी माझ्यासारखे लोक ट्रंकेतले फोटो स्कॅन करायला बसलेत. मूळ कागद पिवळा पडतोय; पुढच्या पिढीच्या हाती जे लागणार ते या फोल्डरांतच असेल.

पुस्तक हे सगळं क्रमवार शिकवत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ते तक्रारीपासून सुरू होतं आणि कारणाकडे जातं, डॉक्टरने नाडी बघावी तसं. मेन्यूंची नावं लेखकांनी मराठी केली नाहीत, इंग्रजीच ठेवून देवनागरीत लिहिली. वाचकाच्या पडद्यावर 'ओपन विथ' असेल तर पुस्तकात 'यासह उघडा' लिहून त्याला आणखी कोड्यात का पाडायचं, असा त्यांचा सवाल. एका क्लिकात सगळं साफ करून देणाऱ्या प्रोग्रामांना त्यांनी दारातही उभं केलेलं नाही. मॅक आणि लिनक्स यांना मिळून जेमतेम वीस पानं दिलीत. मला ती अपुरी वाटतात, पण दुकानात त्या मशीन येतातच किती, हे त्यांचं उत्तरही खरं आहे. एका मुद्द्यावर मात्र माझा विरोध इथे नोंदवून ठेवतो. थंबनेलची कॅशे पुसणं हा त्यांचा हातखंडा उपाय आहे: डिस्क क्लीनअप, 'थंबनेल्स' वर टिक, ओके. उपाय चालतो. पण जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर दहा-वीस हजार फोटो असतील, तर नव्या नकला होईपर्यंत मशीन गुडघे टेकते, आणि माणसाला वाटतं आता खरंच बिघडलं. आधी सेटिंग बघावं, मग शेपटी, आणि कॅशेला सगळ्यांत शेवटी हात लावावा. शिवाय वहीतल्या ज्या नोंदीमुळे मी या मताला आलो ती लेखकांची स्वतःचीच आहे, आणि ती त्यांनी पुस्तकाच्या मधोमध कुठेतरी दडवून ठेवली आहे.

एक बाई जुना लॅपटॉप घेऊन आल्या होत्या, विंडोज ७ चा. नवऱ्याचे फोटो असलेला फोल्डर वर्षभरापूर्वी कोणाकडून तरी डिलीट झाला होता. त्यानंतर डिस्क इतकी वापरली गेली होती की काहीच परत येईना. लेखकांनी शेवटचा प्रयत्न म्हणून थंबकॅशे_२५६ ही फाईल उघडली. बाई तो फोल्डर नेहमी 'एक्स्ट्रा लार्ज आयकॉन्स' मध्ये बघायच्या. मूळ फोटो गेले तरी नकला तशाच पडून होत्या, चाळीसेक. लांब बाजू २५६ पिक्सेल. नीट छापायचं तर सव्वादोन सेंटिमीटरसुद्धा भरत नाही, पासपोर्टच्या फोटोपेक्षाही लहान. लेखकांनी तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, चालेल, आणि त्यांतला एक निवडून त्याच्या दोन प्रती मागितल्या. एक गळ्यातल्या लॉकेटसाठी, दुसरी मुलीला.